वळ कुणाच्या पाठीवर उठतात?

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथे गेला आणि ज्ञानदेवांनी त्याला इथेच समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. दर्शनाला येणारे वेदांचा चमत्कार आठवतात. मी प्राथमिक शिक्षिका आहे, म्हणून असेल, मला त्या कथेतला त्याच्या आधीचा प्रसंग जास्त आठवतो. सगळ्यांत एकच आत्मा आहे असं ज्ञानदेव म्हणाले, तेव्हा परीक्षा पाहायला कुणी तरी रेड्यावर आसूड ओढला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले.

ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं पैठणला का गेली होती? वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला, म्हणून मुलं वाळीत पडली होती. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं कथा सांगते. तरी मुलांची सुटका झाली नाही. शुद्धिपत्र आणा, असंच त्यांना सांगण्यात आलं. अपराध, शिक्षा, प्रायश्चित्त, दाखला असं सगळं त्या व्यवस्थेत जागच्या जागी होतं. समोर उभी असलेली चार मुलं मात्र त्या व्यवस्थेतल्या कुणाला दिसली नाहीत. ज्यांना शिक्षा करण्याचा अधिकार मिळतो, त्या सर्वांनी ही कथा स्वतःला सांगावी. शिक्षकाला तर तो अधिकार रोज सकाळी परिपाठाबरोबर मिळतो.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. आधी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी मुलांबरोबर. नंतर जुन्नरच्या बागायती भागात. बहुतेक शाळा दोन शिक्षकी. एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात. पहिलीतल्या मुलाची पाटी हरवली म्हणून तो रडत असतो, तेव्हाच दुसरीकडे तिसरीतले दोघं गुद्द्यांवर आलेले असतात. अशा खोलीत शिस्त लागते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती कशाच्या आधारावर उभी करायची, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो अध्यापनपद्धतीच्या पुस्तकात मावत नाही. माणसानं चांगलं का वागावं, हा मूळचा धर्माचाच प्रश्न आहे.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली. छडी गेली, अंगठे धरून उभं करणं गेलं, कोंबडा करणं गेलं. ते जायलाच हवं होतं. त्यांच्या जागी फळ्याच्या एका कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं आली आणि दुसऱ्या कोपऱ्यात चांदण्या आल्या. वर्गमंत्री नावं लिहितो, बाई चांदण्या देतात. अंगाला कुणी हात लावत नाही, ही मोठीच सुधारणा आहे. पण मुलाची नजर बघा. ती फळ्याकडे असते. आपण कुणाला ढकललं आणि त्याला किती लागलं, हे तो पाहत नाही. बाईंनी पाहिलं का, हे पाहतो.

बक्षिसाचा मार्ग काही परदेशातून आलेला नाही. आपल्या स्तोत्रांच्या शेवटी फलश्रुती असते. अमुक इतके पाठ करा, विद्या मिळेल, धन मिळेल, संकट टळेल. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात कोणत्या यज्ञाला किती गाई दक्षिणा दिल्या, त्याची यादीच कोरलेली आहे. म्हणजे देवाधर्मात मोजदाद करण्याची आमच्या घाटाला दोन हजार वर्षांची सवय आहे. पण त्याच परंपरेनं फलश्रुतीची मर्यादाही ओळखली. ज्या अकराव्या स्कंधावर एकनाथांनी 1573 साली आपली टीका पूर्ण केली, त्या भागवतात म्हटलं आहे की फलश्रुती म्हणजे परम कल्याण नव्हे. औषध घ्यावंसं वाटावं म्हणून दाखवलेली ती गोडी आहे. टीकाकारांनी तिथे लहान मुलाला पुढं आणलं. ते कडू औषध घेत नाही, म्हणून आई त्याला लाडू दाखवते. लाडू खोटा नसतो, आई मुलाला फसवत नसते. मात्र मुलाला बरं करणारं असतं ते औषध.

वर्गातल्या बक्षिसाबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पहिलीत आलेलं मूल आईला सोडून बसायलाच तयार नसतं. त्याला एक चित्र, एक टाळी, हातावर एक चांदणी द्यावी. ती गोडी आहे आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. पण तिसरीतला मुलगा गोष्टीचं पुस्तक उघडण्याआधी ‘बाई, किती स्टार?’ असं विचारू लागला, तर औषध बाजूला राहून त्याला लाडवाची सवय लागली आहे, हे शिक्षकानं ओळखावं. अमेरिकेत 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं की प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढं मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी चित्रांना इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ दिला. अचानक मिळालेल्या शाबासकीनं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं होतं ते सौद्यानं. गीतेनं दुसऱ्या अध्यायात फळावरची नजर काढून घ्यायला सांगितलं आणि ज्ञानदेवांनी ते 1290 साली मराठीत आणलं. तो उपदेश फक्त म्हाताऱ्यांच्या पारायणासाठी आहे असं मी मानत नाही. चित्र काढणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तो आधीपासून येत असतो. आपण तो विसरायला लावू नये, इतकंच.

काही गोष्टी मात्र कुठल्याही वयात बक्षीस होता कामा नयेत. सरकारनं 1992 पासून आदिवासी, अनुसूचित जातीच्या आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला 1 रुपया भत्ता सुरू केला. मुलगी शाळेत यावी, हा हेतू चांगलाच होता. 15 ऑगस्ट 1995 पासून देशभर पोषण आहाराची योजना आली, तेव्हा तीही हजेरीला बांधलेली होती: 80 टक्के हजेरी भरली तर महिन्याला 3 किलो तांदूळ. पुढं 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळेतच शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. आता जो शाळेत आला तो जेवतो. काल का आला नाहीस, असं ताट कुणाला विचारत नाही. आमच्या पश्चिम पट्ट्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. आवणीच्या दिवसांत किंवा हिरडा गोळा करायच्या हंगामात मूल घरच्यांबरोबर रानात जातं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस त्याला कधीच मिळणार नाही; ते ज्याच्या घरी मजुरी करावी लागत नाही त्यालाच मिळणार. मग ते बक्षीस गुणाचं म्हणावं की परिस्थितीचं? म्हणून अन्न, खेळाचा तास, वर्गातली बसायची जागा आणि बाईंची माया या चार गोष्टी मी हिशेबाच्या बाहेर ठेवल्या. मूल कसंही वागलं तरी त्या त्याच्याच आहेत.

भीतीचंही तेच. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. आमच्याकडे ‘गप बस, नाहीतर बिबट्या येईल’ असं घरात सहज म्हणतात. दुसऱ्या जिल्ह्यात तो बागुलबुवा असेल, इथल्या मुलांच्या ओळखीतलं माणूस त्यानं नेलेलं असतं. मी पालकसभेत हात जोडून सांगते: बिबट्याचं नाव धाक घालायला घेऊ नका. मुलाला नियम सांगा, नियमामागचं कारण सांगा. संध्याकाळनंतर उसाच्या कडेनं एकटं जायचं नाही; घोळक्यानं, मोठ्यानं बोलत, बॅटरी घेऊन जायचं; परसाकडेला वाकून बसायला अंधारात जायचं नाही. धाकानं शिकलेलं मूल धाक घालणारा दिसेनासा झाला की नियम सोडतं. ज्याला कारण कळलं, ते धाकट्या भावाचा हात धरून त्यालाही घोळक्यात घेतं.

हे सगळं मी निव्वळ शाळेच्या सोयीसाठी सांगत नाही, हे मला माळीणनंतर उमगलं. 30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यांत आमच्या पट्ट्यातल्या अनेकांचे नातेवाईक होते. त्या आठवड्यात मोठी माणसं आपापसांत जे बोलत होती, ते मुलांच्या कानावर जात होतं. कर्माचे भोग, देवाचा कोप, हे शब्द त्यात होते. वर्गात चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, ‘बाई, त्यांनी काय केलं होतं?’

तिचा प्रश्न तर्काला धरून होता. घरी आणि शाळेत तिला आपण हेच शिकवतो की दुखलं तर शिक्षा झाली आणि शिक्षा झाली तर काही तरी चुकलं. मग आख्खं गाव गाडलं गेलं, त्याची चूक केवढी असेल? मी तिला सांगितलं, ‘काही नाही गं. पाऊस फार झाला, डोंगर भिजून सुटला. झोपेतल्या पोरानं काय करायचं असतं?’ आणि मग आम्ही वर्गात डोंगर का खचतो ते शिकलो: माती किती पाणी धरते, झाडांच्या मुळांचं काम काय, उतार खणला तर काय होतं.

कर्मसिद्धान्त मी टाकून दिलेला नाही. कर्माला फळ असतं, हे मी मानते. पण तो सिद्धान्त मी स्वतःच्या कर्माकडे पाहण्यासाठी वापरायचा आहे. दुसऱ्याच्या दुःखावर बोट ठेवून ‘हे तुझं फळ’ म्हणण्याचा अधिकार त्यातून कुणाला मिळत नाही. बुद्धांनीही कर्म म्हणजे मनातला हेतू असं सांगितलं. बाहेरच्या जखमेवरून आतला हेतू वाचता येत नाही. पैठणच्या व्यवस्थेला जे उमगलं नाही, ते हेच.

मग वर्गात चूक झाली की मी काय करते? परिणाम चुकीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवते. पाणी सांडलं, तर फडकं आणून पुसायचं. पुस्तक फाडलं, तर माझ्याशेजारी बसून खळ लावून चिकटवायचं. कुणाला मारलं, तर ज्याला लागलं त्याच्याजवळ बसून विचारायचं, तुला आता काय हवंय? कधी उत्तर येतं ‘पाणी’, कधी ‘माझी गोटी’, कधी ‘हा लांब बसू दे’. जे असेल ते करायचं. यात ‘सॉरी’ म्हणायची सक्ती नाही, कारण तोंडदेखलं म्हणणं मुलांना दोन दिवसांत येतं. आणि हे करताना मूल एकटं नसतं, मी तिथे असते. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली, ती मारावर किंवा आमिषावर नव्हे. कामात गुंतलेल्या मुलाला दोन्हींची गरज फार थोडी पडते, यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास माझ्या वर्गातही खरा ठरलेला मी पाहिला.

माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. जग असं चालत नाही, ते म्हणतात. पुढं शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नोकरी आहे, पगार आहे, पोलीस आहेत. मुलाला हिशेबाची सवय नको का? सवय हवी. परीक्षा द्यावी, गुण मिळवावेत, मिळाले की पेढे वाटावेत. पण बाहेरचं जग हिशेब शिकवायला समर्थ आहे, ते आयुष्यभर दुसरं काही शिकवणार नाही. सहा ते दहा वर्षांच्या वयात, गावातल्या एका खोलीत, हिशेबाशिवाय चांगलं वागता येतं हा अनुभव मुलाला मिळाला नाही, तर पुढं तो कुठून मिळणार? दुसरा आक्षेप वेळेचा. फळ्यावर नाव लिहायला क्षण लागतो, पुस्तक चिकटवायला अर्धा तास. हे खरं आहे. तो अर्धा तास मी भाषेच्या तासातून घेते आणि घेतलाच पाहिजे असं मानते.

केंद्रावर शिक्षण परिषद असली की दोघांपैकी एक शिक्षक जातो आणि उरलेल्यावर चारही इयत्ता येतात. एक खोली तेव्हा मुलांच्या भरवशावर असते. तिथे कुणी नाव लिहीत नसताना, चांदणी देणारं कुणी नसताना मुलं एकमेकांशी कशी वागतात, हीच वर्षभरात झालेल्या शिकवणीची परीक्षा. माझ्या मते धर्माचीही परीक्षा तीच आहे. पाहणाऱ्याच्या भीतीनं किंवा देणाऱ्याच्या आशेनं केलेलं पुण्य ही सुरुवात असेल, तिला मी कमी लेखत नाही. लाडवाशिवाय औषध न घेणारं मूल प्रत्येक माणसात असतं. पण आपलं काम त्या मुलाला तिथून पुढं न्यायचं आहे. पालक मला विचारतात, ‘बाई, चांगलं वागल्यावर याला काय द्यायचं?’ मी त्यांना सांगते की आनंद झाला तर जवळ घ्या, मनात येईल ते द्या, फक्त आधी कबूल करून देऊ नका. आणि ज्या दिवशी तो वाईट वागेल, त्या दिवशी त्याचं जेवण, त्याची जागा आणि तुमचा हात यांपैकी काहीही काढून घेऊ नका. त्यानं जे मोडलं ते त्याच्याकडून जोडून घ्या आणि जोडून होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.