आवाज आणि दोष

चेन्नईतील मोटारदुरुस्तीच्या आवारांतून एक वाक्य वारंवार कानी पडते : 'सत्तम् वरुदु.' आवाज येतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. तमिळमधील हे 'सत्तम्' म्हणजे प्राकृताच्या वाटेने तेथे पोहोचलेला आपला 'शब्द'च होय. गाडीचा मालक मिस्त्रीपुढे जे गाऱ्हाणे मांडतो ते असे शब्दाचे असते, दोषाचे नसते. दोष कोठे आहे हे ठाऊक नसते, म्हणूनच तर तो आलेला असतो. आवाज थांबावा, एवढीच त्याची मागणी. पण आवाज थांबविला म्हणजे मिस्त्रीचे कर्तव्य संपले काय? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

गाडीच्या पुढच्या चाकांना खड्ड्यांचे धक्के सोसावे लागतात, वळावे लागते आणि ब्रेक लावताच पुढे झुकणारा भारही पेलावा लागतो. त्यामुळे तेथील सांधे आणि रबरी बुश लवकर झिजतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाने उखडलेले रस्ते आणि समुद्रकाठची खारी हवा या झिजेला हातभारच लावतात. प्रत्येक दोषाची वाणी निराळी असते. लहान खाचखळग्यांवरून हळू जाताना खडखड झाली, तर स्टॅबिलायझरच्या लिंकचा संशय येतो. ब्रेक लावताना एकच 'ठक्क' झाले, तर खालच्या आर्मच्या बुशचा. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरविताना करकर झाली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. आणि पूर्ण वळणावर तालात येणारी कटकट पुष्कळदा सस्पेन्शनची नसतेच. ती अ‍ॅक्सलच्या सांध्याची असते. शिवाय पोलाद आवाज वाहून नेते. दोष डावीकडे असतो आणि बसणाऱ्याला तो उजवीकडे ऐकू येतो.

आपल्या नैयायिकांना ही अडचण अपरिचित नव्हती. जो हेतू साध्याच्या अभावीही आढळतो त्याला त्यांनी 'सव्यभिचार' म्हटले. अशा हेतूवरून काढलेले अनुमान टिकत नाही. 'खडखडते, म्हणून लिंकच गेली' हे अनुमान याच जातीचे आहे. जाणता मिस्त्री तेवढ्यावर थांबत नाही. तो चाक उचलून आधी आडवे हलवितो, मग उभे हलवितो. दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर तळहात ठेवतो. पहारीने आर्म उचकून सांध्याची ढिलाई पाहतो. तरीही शंका उरली, तर लिंक सोडवून गाडी सावकाश फिरवून आणतो. लिंक असता आवाज, नसता आवाज नाही. यालाच शास्त्रकारांनी अन्वय-व्यतिरेक म्हटले आहे. मिस्त्रीला ते नाव ठाऊक नसले तरी रीत ठाऊक असते.

परंतु या रीतीला वेळ लागतो, आणि आवाज थांबविण्याचे याहून सोपे मार्ग आहेत. बॉल जॉइंटच्या रबरी टोपणातून सुईने ग्रीस भरले की करकर काही दिवस थांबते. झीज मात्र जिथल्या तिथे राहते. बुशवर खनिज तेल मारले की तो गप्प होतो, आणि त्याच तेलाने पुढे रबर फुगून सडते. नवा बुश बसविला तरी प्रश्न संपत नाही. गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच बोल्ट आवळला, तर रबर पिळलेल्या स्थितीत जखडले जाते आणि अकाली फाटते. चाके टेकवून, गाडीचा भार घेऊन मगच तो आवळावा लागतो. दोन्ही गाड्या त्या संध्याकाळी सारख्याच निःशब्द घरी जातात. एकीत काम झालेले असते, दुसरीत नसते. आणि मालकाला हा भेद ऐकू येत नाही.

केवळ शांततेवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे मद्रासमध्येच बनलेल्या एका गाडीने दाखविले आहे. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून येथे 'हेरल्ड' बनविली. तिच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली आटे पाडून पितळी सांध्यात फिरत असे, आणि त्या सांध्याला ग्रीस नव्हे, तर दाट गिअर-तेल हवे असे. ते वेळोवेळी दिले नाही, तर आट्यांत पाणी शिरून गंज चढे आणि एखाद्या वळणावर दांडा तुटून चाक आडवे होई. आधी आवाजाची सूचना मिळेलच, असा भरवसा नव्हता. ही सूचना जिथे मिळते तिथे तर तो उपकारच मानला पाहिजे. कारण झिजलेला बॉल जॉइंट निखळला, तर परिणाम तोच.

मग सगळेच भाग बदलणारा मिस्त्री प्रामाणिक, असे म्हणावे काय? तसेही नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडीनेच बदलणे योग्य असते. एकदा उघडल्यावर शेजारचा जुना बुशही बदलून टाकण्यात मजुरी वाचते. पुदुपेट्टैच्या बाजारातून जुना दरवाजा आणून बसविणे यात लबाडी नाही. पण तेथून आणलेला जुना बॉल जॉइंट नवा म्हणून बसविणे म्हणजे दुसऱ्याचा जीव परस्पर पणाला लावणे होय. ज्याची एक दिवसाची कमाई बुडते आहे, असा टॅक्सीवाला 'तूर्त चालेल तेवढे करा' म्हणाला, तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र 'तूर्त' म्हणजे किती आणि न चालल्यास काय होईल, हे त्याला आधी कळले पाहिजे. अर्थात नीती सुट्या भागांत नसून सांगण्यात आहे.

येथे 'शब्दा'चा दुसरा अर्थ पुढे येतो. न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण आहे. आप्ताचे वचन हे ज्ञानाचे साधन आहे. आप्त कोण? ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो, असे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो. आणि ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू आहे, असेही बजावतो. या व्याख्येत तेलकट हातांच्या मिस्त्रीला पूर्ण जागा आहे. गाडीखाली जाऊन पाहणे हा त्याच्या आप्तत्वाचा अर्धा भाग; पाहिले तेच सांगणे हा उरलेला अर्धा. म्हणूनच 'दोष अजून सापडला नाही' हे त्याचे उत्तर गिऱ्हाइकाला रुचले नाही तरी ते प्रमाण ठरते, आणि ग्रीस भरून 'झाले काम' म्हणणे हे गोड असूनही अप्रमाण.

घरात, कचेरीत, राज्यकारभारात कुरकुर ऐकू आली की आपणही पुष्कळदा ग्रीसच शोधतो. कुरकुरणारा गप्प झाला की प्रश्न सुटला, असे आपण समजतो. गप्प होणे आणि बरे होणे यांतले अंतर मात्र बाहेरून ऐकू येत नाही. ते कोणीतरी खाली वाकून पाहावे लागते, आणि पाहिलेले वर येऊन सांगावे लागते.