पोचपावतीवरची तारीख

मंत्रालयाच्या दारात 2025 पासून चेहरा ओळखणारी यंत्रणा आहे. सर्वसामान्यांना दुपारीच आत सोडायची पद्धत तर जुनीच. आष्टी-पाटोद्याहून रात्रीच्या एसटीनं आलेल्या माणसाची सकाळ मग बाहेरच जाते. तपासणी नको, असं कुणीच म्हणणार नाही. 30 ऑक्टोबर 2023 रोजी माजलगावात नगरपरिषदेची इमारतच पेटवली गेली. खुर्चीत बसणाऱ्यालाही जिवाची धास्ती असतेच. पण 2018 मध्ये मंत्रालयात आत्महत्येचे प्रकार घडले, तेव्हा आत जाळी बांधली गेली. माणूस खाली पडू नये याची सोय झाली, तो इथवर का आला याची नाही.

तालुक्याला काम झालं, तर वरच्या दारातली गर्दी आपोआप ओसरेल. माणसं कमी, कामं फार, ही कचेऱ्यांची सबब खोटी नाही. तरी 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मागितलेली पहिली गोष्ट साधी आहे: अर्जाची पोच, आणि तीवर काम कधी होणार ती तारीख. त्याला वाढीव मनुष्यबळ लागत नाही. मुदत विनाकारण ओलांडणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे, पण हातात पोचच नसेल तर अपील कशाच्या बळावर करणार? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या घरांना तर ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणजे थेट उन्हाळ्यात या. निदान त्यांचे दाखले तरी कोयते बाहेर पडण्याआधी निघावेत.