हातच्याची वजाबाकी

बस खाली. चहा मग. ‘बाई, तेल्हाऱ्यात चांगली माणसं टिकत नाहीत’ हेच गाऱ्हाणं घेऊन आलास ना? गावाला काहून मधे ओढतो लेका? माणूस टिकलं नाही ते तुझ्या जिनिंगात.

ती पोट्टी सात वर्षं तुझा हिशेब सांभाळत होती. परवाच्या हंगामात एका ट्रॉलीचं रिकामं वजन वजा न करताच काट्याची चिठ्ठी निघाली. तू डोळे मिटून सही ठोकलीस, पकडलं तिनं. आणि त्याच महिन्यात आलेल्या पोट्ट्याला तिच्याहून ४,००० जास्त! वर त्याला टॅली शिकवायला बसवलंस तिलाच. का, तर ‘त्याला घर चालवायचं असते.’ मग तिच्या घरची चूल काय फुंकर न मारता पेटते? ‘तिचं लग्न झालं की जाईल,’ असंही म्हणायचास. लग्न झालं, लेकरू झालं, ती येतच होती. आठव्या महिन्यात पळाला तो तुझा पोट्टा.

दिवाळीला साडी दिली म्हणे. बरं, त्या पोट्ट्याला धोतर दिलंस का पगाराऐवजी?

तुझ्याच वावरात वेचणीला बाया येतात. किलोमागं पैसे देतोस. तिथं काटा विचारतो का, कापूस कोणी वेचला म्हणून? मग ऑफिसात शिरल्यावर तुझा काटा का बिघडतो?

‘परवडत नाही’ हे तर मला सांगूच नकोस. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्रे डिकॉस्टा नावाची स्टेनो होती. काम तेच, पगार पुरुष स्टेनोंपेक्षा कमी. १९७६ च्या समान वेतन कायद्यावर बोट ठेवून ती भांडली. कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८७ मध्ये हरली. ऐपत नाही, हे कारण तिथं चाललं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं चाललं नाही, तुझं चालेल? तो कायदा आता वेतन संहितेत गेलाय. गेला म्हणजे मेला नाही.

खाली काय पाहतोस? उद्या तिच्या घरी जा. साडी नेऊ नकोस, कागद ने. त्याचा पगार वर, तिचा खाली, मधला फरक गुणिले महिने. जमत नसेल तर वही घेऊन इथंच ये. तिसरीतही हातचा विसरायचासच तू.