ब्रेसचे पट्टे आणि विटेवरचे पाय



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६

श्लोकाचा साधा अर्थ असा. ज्याच्यापासून हे सगळं जग निर्माण झालं आणि ज्याने ते व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या वाट्याला आलेल्या कर्माने करावी. त्यातूनच तो सिद्धीला पोचतो. ज्ञानेश्वरीत माउली इथे स्वकर्मालाच फुलं म्हणतात. ही फुलं त्या सर्वात्मक ईश्वराला वाहायची, बस्स.

वाचायला किती गोड वाटतं ना? पण परवा रात्री साडेबाराला एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला आणि हा श्लोक माझ्यासाठी एकदम वेगळा झाला.

आम्ही दोघी पूर्वी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचो. ती पुण्यात आयटीत आहे. सात महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला आणि त्याचे दोन्ही पाय आत वळलेले होते. याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजारात एका बाळाला हे असतं. पूर्वी मोठी ऑपरेशनं करायचे, आता बहुतेक ठिकाणी पोन्सेटी पद्धत वापरतात. डॉक्टर दर आठवड्याला पाय हळूहळू वळवतात आणि नवीन प्लास्टर घालतात. तिच्या बाळाला अशी सहा प्लास्टरं झाली. मग टाचेमागच्या शिरेला एक छोटासा छेद, आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे. त्यानंतर ब्रेस, म्हणजे एका दांडीला जोडलेले दोन छोटे बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आणि पुढे बाळ साधारण चार वर्षांचं होईपर्यंत रोज रात्री झोपताना.

तेवीस तासांचा टप्पा संपत आला आणि तिची २६ आठवड्यांची रजाही संपली. आता सकाळी डबे, बाळाची आंघोळ, नऊची मीटिंग, मधेच दूध काढून ठेवणं, संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, आणि रात्री ब्रेस.

मेसेजमध्ये ती म्हणत होती, "अगं, सात महिने झाले, माझा हरिपाठ बंद आहे. देवापुढे दिवासुद्धा सासूबाईच लावतात. ऑफिसात बाळ आठवतं, बाळाजवळ ऑफिस आठवतं. काल तो ब्रेसमुळे इतका रडला की वाटलं, राहू दे आजची रात्र. एक नातेवाईक येऊन विचारून गेल्या, ग्रहणात काही चिरलं होतंस का म्हणून. सांग ना, माझं काय चुकलं असेल? देव रागावलाय का माझ्यावर?"

आधी ग्रहणाचं बोलू. मंडळी, ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाचे पाय वाकडे होत नाहीत. बहुतेक बाळांमध्ये याचं नेमकं एक कारण सापडतच नाही, असं डॉक्टर सांगतात. बाळंतिणीला असा प्रश्न विचारणं म्हणजे तिच्या थकलेल्या खांद्यावर आणखी एक धोंडा ठेवणं. हे धर्माच्या नावाने तर मुळीच करू नका. आणि तुमच्या घरात कुणी असं विचारलं, तर उत्तर द्यायचं काम त्या आईवर टाकू नका, तुम्ही द्या.

आता देव रागावलाय का, हा प्रश्न. मला लगेच पुंडलिक आठवला.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. साक्षात देव दारात आला. पुंडलिकाने काय केलं? सेवा सोडून धावला नाही. एक वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. आणि देव थांबला! कमरेवर हात ठेवून, दोन्ही पाय जुळवून, आजपर्यंत तिथेच उभा आहे. रागावून निघून गेला असता तर पंढरपूरची वारी कुठली असती?

म्हणजे बघा, आपलं सगळ्यात लाडकं दैवत हे वाट पाहणारं दैवत आहे. सेवेत अडकलेल्या माणसासाठी ते थांबतं. पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत होता, माझी मैत्रीण लेकराचे पाय सरळ करतेय. विटेवरचा तो तिच्यासाठी थांबणार नाही असं कसं होईल?

पण ताई, मग काहीही केलं तरी पूजाच का? नाम घ्यायची गरजच नाही का? असं कुणी विचारेल. श्लोक तसं म्हणत नाही. कर्म त्याला अर्पण करायला सांगतो, आणि अर्पण करायचं तर ज्याला द्यायचं त्याची आठवण हवी. म्हणून मी तिला एवढंच सुचवलं, की ब्रेस घालताना टाच नीट खाली बसली का ते बघायचं, मग एकेक पट्टा लावायचा. प्रत्येक पट्ट्याला एकदा विठ्ठल म्हण. दोन्ही पायांचे पट्टे झाले की तुझा आजचा हरिपाठ झाला. आणि एकही रात्र चुकवू नकोस, कारण ब्रेस सुटला की पाय पुन्हा वळायची भीती असते. रडणं थांबत नसेल, पायावर वळ दिसत असतील, तर डॉक्टरांना दाखव, पण मनाने बंद करू नकोस. हाच तुझा नेम.

आता ती म्हणते की सगळंच अर्धवट होतंय. तर याच अध्यायातला ४८ वा श्लोक बघा. भगवंत म्हणतात, आपलं सहज कर्म सदोष असलं तरी सोडू नये. आग पेटली की धूर येतो, तसा प्रत्येक कामाला काही ना काही दोष चिकटलेलाच असतो. मीटिंगला पाच मिनिटं उशीर झाला, पोळ्या बाहेरून आणल्या, बाळाची एक खेळायची वेळ हुकली. हा धूर आहे. धूर दिसला म्हणून कुणी चूल विझवत नाही.

आणि एक गोष्ट घरच्यांसाठी, विशेषतः बाबा लोकांसाठी. आई म्हणजे त्याग, असं म्हणून आपण सगळं तिच्यावर टाकतो आणि वर तिला नमस्कार करतो. पण आपल्या गोष्टीतला सेवा करणारा पुंडलिक मुलगा होता, पुरुष होता. पाय चेपायला त्याला लाज वाटली नाही. तेव्हा ब्रेसचे पट्टे बाबानेही शिकून घ्यावेत. रात्री रडणाऱ्या बाळाला आळीपाळीने खांद्यावर घ्यावं. हे पुण्य एकटीने कमवायचं नाहीये.

काल रात्री तिचा परत मेसेज आला. बाळ रडलंच, पण थोडं कमी. आज डावा पाय तिने बांधला आणि उजवा नवऱ्याने. अजून साधारण साडेतीन वर्षांच्या रात्री बाकी आहेत. पण तिने लिहिलं होतं, "आज दिवा नाही लावला, तरी देवघरासमोरून जाताना मान खाली गेली नाही."

आजचा छोटा नेम: दिवसभरातलं एक असं काम निवडा, जे तुम्हाला देवापासून दूर नेतं असं वाटतं. ते सुरू करताना एकदा नाम घ्या, संपल्यावर मनात म्हणा, हे तुला. आणि ओळखीत एखादी अशी आई असेल, तर आज तिला सल्ला देऊ नका. तासभर बाळ सांभाळा.

हे पांडुरंगा, ज्यांचे हात आज लेकराच्या सेवेत गुंतलेत, त्यांच्या दारात तू थांब. त्यांना झोप दे, धीर दे, आणि सोबतीला माणसं दे.

राम कृष्ण हरी! 🙏