दोन चेहरे असणे हा दोष आहे काय?



पुरीमच्या दिवशी सोंगे घेण्याची चाल आपल्याला नवी नाही. कोकणात आपले वाडवडील या सणाला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो होळीच्या सुमारास येई. इथे इस्राएलात पुरीमच्या आधी कित्येक दिवस दुकाने मुखवट्यांनी आणि रंगांच्या डब्यांनी भरून जातात, आणि हल्लीची मुले सोंगे काढण्यात फारच पुढे गेली आहेत. सिनेमातल्या किंवा चित्रकथेतल्या पात्राचा वेष हुबेहूब उभा करायचा, याला ती कॉस्प्ले म्हणतात. त्यातलाच एक प्रकार असा की, चेहऱ्याचे बरोबर मध्यावर दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागावर वेगळा माणूस रंगवायचा. गेल्या पुरीमला माझ्या सतरा वर्षांच्या नातीने हे सोंग घेतले. त्यावरून माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो आज आपल्यापुढे मांडते. प्रश्न तसा जुनाच आहे : माणसाला दोन चेहरे असणे हा दोष आहे काय?

प्रथम ते सोंग कसे केले ते सांगते. तिने तोंड धुऊन पुसून मलम लावले. केसांच्या भांगापासून कपाळ, नाकाचा शेंडा, ओठ आणि हनुवटी यांवरून खाली गळ्यापर्यंत पांढऱ्या पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली. सर्वांत कठीण काम हेच, कारण कोणाचेही नाक अगदी मध्यावर नसते आणि कोणाच्याही दोन भुवया सारख्या नसतात. मग ओल्या स्पंजने आधी फिका रंग लावला आणि नंतर गडद. उलट केले तर गडद रंग फिक्यात उतरतो. रेघेशी जाड कागदाची कड धरून ब्रश फिरवला आणि शेवटी रंग बसावा म्हणून पावडर थापली. डावी बाजू झाली इस्राएली मुलगी : गोरीपान, गालावर तांबूस ठिपके, केस मोकळे सोडलेले. उजवी बाजू झाली हिंदी बाई : गडद तपकिरी रंग, डोळ्यात काजळ, नाकात नथ आणि कपाळावर अर्धे कुंकू.

“सावता, ही बाजू तू,” ती मला म्हणाली.

मी हसले, तिच्या हाताचे कौतुकही केले. पण ती मैत्रिणींबरोबर निघून गेल्यावर दोन गोष्टी मनाला टोचू लागल्या. पहिली कुंकवाची. माझ्या माहेरी आणि सासरी बायका नऊवारी नेसत, मंगळसूत्र घालत, हिरव्या बांगड्या भरत. पण कुंकू लावत नसत. कुंकू शेजारणींचे होते. त्यांच्या कपाळी ते शोभत होते, पण ते आमचे नव्हते. दुसरी गोष्ट रंगाची. माझी नात सावळी आहे. तिने एक बाजू स्वतःपेक्षा गोरी केली आणि दुसरी स्वतःपेक्षा काळी. तिचा स्वतःचा रंग त्या चेहऱ्यावर कुठेच उरला नव्हता.

मराठीत आपण लबाड माणसाला ‘दुतोंड्या’ म्हणतो. अमेरिकेतल्या बॅटमनच्या चित्रकथेत १९४२ साली एक खलनायक आला, त्याचे नावच ‘टू-फेस’. एका वकिलाच्या अर्ध्या तोंडावर तेजाब फेकले जाते आणि पुढे तो गुन्हेगार बनतो. म्हणजे दोन चेहरे आणि पाप यांची सांगड जगभर घातलेली दिसते. उलट आपली हिब्रू भाषा पाहा. चेहऱ्याला हिब्रूत ‘पानीम’ म्हणतात आणि हा शब्द अनेकवचनी आहे. एकच चेहरा असला तरी बोलताना ‘चेहरे’ असेच म्हणावे लागते. भाषेवरून धर्म ठरत नाही हे मला कळते, पण विचार करायला एवढे पुरे आहे.

याच्या विरुद्ध बाजूलाही मोठा आधार आहे. तालमूदमध्ये रब्बान गमलिएलची गोष्ट आहे. ज्याचे आतले आणि बाहेरचे सारखे नाही अशा विद्यार्थ्याने अभ्यासगृहात येऊ नये, असा त्याचा नियम होता. नियम ऐकायला किती चांगला! पण गमलिएलला पदावरून दूर केले त्या दिवशी दारावरचा पहारेकरीही काढला गेला, आणि आत इतके लोक आले की शेकडो बाके वाढवावी लागली. कोणी म्हणतात चारशे, कोणी म्हणतात सातशे. ते पाहून खुद्द गमलिएलला वाईट वाटले, की आपण इस्राएलला तोरापासून अडवून तर ठेवले नाही ना? आत-बाहेर एक असावे हे खरे. पण दुसऱ्याचे आतले आणि बाहेरचे तपासायला दारात उभे राहण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न त्या बाकांनी कायमचा विचारून ठेवला आहे.

मग दोषी दोन चेहऱ्यांना ओळखायचे कसे? मला तोरा आणि मगिल्ला यांत एक कसोटी सापडते.

याकोबाने आईच्या सांगण्यावरून हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधली आणि एसावाचे कपडे घालून तो आंधळ्या बापापुढे गेला. इसहाकाने चाचपून पाहिले तर आवाज एका मुलाचा आणि हात दुसऱ्याचे. आपल्या ग्रंथातले अर्ध्या-अर्ध्या माणसाचे सोंग ते हेच. त्याने आशीर्वाद मिळाला, पण त्याची किंमत एसावाने भरली. तो मोठ्याने रडला. पुढे याकोबालाही लाबानाने राहेलीच्या जागी लेआ देऊन तसेच फसवले.

आता एस्तेर पाहा. तिला नावे दोन, हदस्सा आणि एस्तेर. मोर्दखयाच्या आज्ञेप्रमाणे तिने राजवाड्यात आपली जात आणि कुळ लपवले. त्या लपवण्याने दुसऱ्या कोणाचे काही गेले नाही. पण हामानाचे फर्मान निघाले आणि तिच्या गप्प राहण्याची किंमत तिच्या लोकांना भरावी लागणार हे उघड झाले. त्या घडीला तिने तीन दिवस उपास केला, न बोलावता राजापुढे जाण्याचा धोका पत्करला आणि भर मेजवानीत आपण कोण ते सांगितले.

कसोटी ती हीच : माझ्या लपवण्याची किंमत कोण भरतो? मी स्वतः भरत असेन तर तो माझा प्रश्न. हिटलरच्या काळात युरोपातल्या कित्येक यहुद्यांनी जीव वाचवण्यासाठी दुसरी नावे घेतली, त्यांना बोल लावण्याची आपली योग्यता नाही. पण माझा एक चेहरा उजळ दिसावा म्हणून दुसऱ्या कोणाला अंधारात बसावे लागत असेल, तर मी दुतोंडी.

ही कसोटी मी स्वतःला लावून पाहिली, आणि इथे मला कबुली द्यावी लागते. लग्न होऊन १९६३ साली मी दिमोन्याला आले आणि एका कापडाच्या कारखान्यात कामाला लागले. तिथल्या बायका मला ‘तू कुठली?’ विचारीत. मी म्हणे, मुंबईची; आम्ही घरी इंग्रजी बोलतो. ते खोटे होते. साडी मी पहिल्याच महिन्यात पेटीत ठेवली. त्यात काही बिघडले असे आजही मला वाटत नाही, यंत्रावर काम करताना पदराचा त्रासच होतो. पण कारखान्यातल्या मैत्रिणी शब्बाथच्या दुपारी कॉफीला येत, तेव्हा मी सासूबाईंना म्हणे, “आई, तुम्ही आतच बसा, तुम्हाला त्यांची भाषा कळायची नाही.” सासूबाई नऊवारी नेसत आणि त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. त्या एक शब्द न बोलता आतल्या खोलीत जाऊन बसत. पुढे पुढे दाराची कडी वाजली की न सांगताच उठत. मुलांशीही आम्ही दोघे हिब्रूच बोललो, म्हणजे शाळेत ती मागे पडायची नाहीत. मुले पुढे गेली, हे खरे. पण त्यांच्या मुलीला आपली आजी रंगवायची झाली तेव्हा तिला मुंबईच्या सिनेमातली बाई उसनी आणावी लागली. ते कुंकू आणि तो तपकिरी रंग हे माझेच देणे होते. माझ्या लपवण्याची किंमत आधी सासूबाईंनी भरली आणि आता नात भरते आहे.

आता जरा अवघड विषयाकडे वळते. नातीने मला तिच्या फोनवर ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचा एक जुना भाग दाखवला. जानेवारी १९६९ मध्ये तो प्रथम दाखवला गेला. त्यात परग्रहावरची दोन माणसे येतात. दोघांचेही अर्धे तोंड काळे, अर्धे पांढरे. एक दुसऱ्याला हीन समजतो. जहाजावरच्या लोकांना कळतच नाही की फरक कशात आहे. शेवटी तो सांगतो : माझी उजवी बाजू काळी आहे आणि त्याच्या जातीची डावी! ते आपल्या ग्रहावर परत येतात तेव्हा तिथले सगळे लोक आपसात लढून मेलेले असतात. तरीही हे दोघे भांडतच राहतात.

नात हसत होती. मला मात्र हसू आले नाही, कारण मला आपले ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ आठवले. नव्या पिढीला हे शब्द माहीत नसतील. कोकणात आणि मुंबईत आपल्याच समाजात हा भेद होता. ज्यांच्या घराण्यात आई परजातीची होती असे मानले जाई त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, त्यांची भांडी वेगळी असत. शेजारी आपल्या सर्वांनाच एका नावाने ओळखत, ‘शनवार तेली’, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. त्यांना आपल्यातला फरक दिसत नव्हता. आपल्याला मात्र दिसत होता.

१९६२ साली इथल्या मुख्य रब्बीनतने आपल्या लोकांच्या लग्नापूर्वी आईकडच्या पिढ्या तपासाव्यात असे फर्मान काढले. आपल्या लोकांनी जेरुसलेमात ठिय्या दिला, आणि १९६४ साली त्या फर्मानातला आपल्या समाजाचा उल्लेख काढावा लागला. त्या लढ्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. माझे एक काका त्या ठिय्यात बसले होते. पण त्याच काकांनी दहा वर्षांपूर्वी मुंबईत माझ्या चुलतभावाचे ठरत आलेले लग्न मोडले होते. कारण एवढेच, की मुलीची आजी ‘काळ्यांतली’ असल्याचे कोणी कानावर घातले. जेरुसलेममध्ये काका म्हणत होते, आमच्या आज्या तपासणारे तुम्ही कोण? प्रश्न रास्त होता. त्या मुलीनेही तोच विचारला असता, पण तिला विचारायला कोणी जागा दिली नव्हती. काकांना दुतोंडी म्हणताना माझी जीभ अडखळते, ते प्रेमळ गृहस्थ होते. तरी कसोटी लावली तर उत्तर तेच येते. आपला चेहरा उजळ ठेवण्याची किंमत त्यांनी एका परक्या मुलीला भरायला लावली.

तेव्हा मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. दोन चेहरे असणे हा दोष नाही. आपली तर नावेच दोन चेहऱ्यांची आहेत : पुढे तोरातले नाव आणि मागे दिवे, पेण किंवा केहिम गावाचे आडनाव. एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण मलिदा करतो तेव्हा त्या ताटातले पोहे आणि खोबरे कोकणचे आणि बराखा हिब्रूतली. त्यात इथून इथवर यहुदी आणि इथून पुढे मराठी अशी रेघ कोणाला ओढता येईल? रेघ ओढायची गरज तेव्हा लागते जेव्हा एक बाजू दाखवायची असते आणि दुसरी झाकायची असते.

पुरीमच्या रात्री नात घरी आली तेव्हा घामाने तिचा रंग ठिकठिकाणी उतरला होता. ती तोंड धुवायला निघाली. मी तिला बसवले, तेल लावून कापसाने तिचा रंग पुसला आणि पुसता पुसता तिला तिच्या पणजीची गोष्ट सांगितली, आतल्या खोलीसकट. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “तिचा फोटो आहे का?” फोटो एकच आहे, लोद विमानतळावर उतरल्याचा. त्यात सासूबाईंच्या कपाळावर कुंकू नाही, आणि रंग नातीसारखाच सावळा आहे. तो फोटो आता नातीच्या खोलीत आहे.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अशी एखादी आतली खोली होती असा माझा अंदाज आहे. तिथे कोण बसले होते ते आपल्या नातवंडांना सांगा. मराठीत सांगता आले तर उत्तमच. नाहीतर हिब्रूत सांगा, पण खरे सांगा. आपण गेल्यावर त्यांना ते कोणत्याही डबीतल्या रंगाने काढता येणार नाही.

आपणा सर्वांना पुरीम समेआख!

— एक आजी, दिमोना