वृद्धांचा समाचार

शास्त्रवाचन : यिर्मया २३:१-४, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, मत्तय २५:३१-४६



पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला कधी कधी एकाच शब्दापाशी अनेक दिवस थांबावे लागते. इब्री भाषेतील ‘पाकद’ हे क्रियापद अशांपैकीच एक आहे. मोजणी करणे, पाहणी करणे, आठवण ठेवून भेटीस येणे आणि जाब विचारणे हे सर्व अर्थ त्या एका शब्दात सामावले आहेत. वृद्ध सारेला परमेश्वराने दर्शन दिले तेथे हाच शब्द येतो. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात तर संदेष्टा तो एकाच वचनात दोनदा योजतो. मेंढपाळांनी कळपाची विचारपूस केली नाही, म्हणून आता देव त्या मेंढपाळांची ‘विचारपूस’ करणार आहे.

हा श्लेष अनेक भाषांत हरवतो. मराठीत मात्र तो आयताच सापडतो. आपण आजाऱ्याच्या समाचाराला जातो आणि अपराध्याचाही समाचार घेतो. नव्या करारातील ग्रीक शब्दाची व्याप्तीही अशीच मोठी आहे. आजाऱ्याला भेटण्याविषयी प्रभू मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात जो शब्द वापरतो, अनाथ व विधवा ह्यांच्याविषयी याकोब जो शब्द वापरतो, त्याच शब्दाच्या कुळातून ‘बिशप’ हे पद आले आहे. मराठी शास्त्रात त्यासाठी ‘अध्यक्ष’ असा शब्द आहे. अध्यक्ष म्हणजे ज्याची नजर सर्वांवर आहे तो. आपण त्याला हार घालून खुर्चीवर बसवले आणि त्याचे डोळे कशासाठी होते हे विसरलो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी रायपूरजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या पाहणी समितीवर मी होतो. आमच्या भेटीची तारीख महिनाभर आधी कळवली जाई. आम्ही पोहोचत असू तेव्हा फरशी ओली असे, चादरी कोऱ्या असत, दाराशी फुले घेऊन कोणी उभे असे. प्रार्थना होई, चहा होई आणि नोंदवहीत मी ‘व्यवस्था समाधानकारक’ असे लिहून सही करीत असे. एका वर्षी खाटेवर पडून असलेल्या एका मराठी आजींनी माझा हात धरला. “मला कसंतरी होतंय,” त्या म्हणाल्या. शेजारी उभी असलेली सेविका छत्तीसगढी बोलणारी होती; ते तिला समजले नाही. व्यवस्थापक म्हणाले, “आजींना आता काही कळत नाही.” मी आजींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढे गेलो. त्यांच्या पाठीला खोल व्रण पडले होते हे मला तीन आठवड्यांनी कळले, अंत्यविधीच्या दिवशी. ती कोरी चादर मी उचलून पाहिली नव्हती. त्या नोंदवहीत माझी सही आजही आहे.

वाचकहो, ह्या सहीचा समाचार प्रभू घेणार नाही काय?

आरंभीच्या मंडळीतही असेच घडले होते. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. मूळ शब्दाचा भाव असा, की नजर त्यांच्यावरून निसटून पुढे जात होती. ज्यांची भाषा वेगळी, त्यांच्या ताटाकडे कोणाचे लक्ष नव्हते. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही, ‘मंडळीची बदनामी होईल’ असेही म्हटले नाही. त्यांनी सात माणसे शोधून काढण्यास सांगितले, आणि तेथे लूकने पुन्हा तोच समाचाराचा शब्द वापरला आहे. नजर निसटली हा रोग होता; नजर ठेवणारी माणसे नेमणे हा त्यावरील उपाय ठरला.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीला दुसरा एक दाखला ठाऊक असावा. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असता पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची कशी आबाळ होते ते उघड केले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे नाकारले; रमाबाई मागे हटल्या नाहीत. पुढे ज्या हातांनी मराठी बायबल सिद्ध केले त्याच हातांनी ते पत्र लिहिले होते. शास्त्राचे भाषांतर आणि दुर्बलांचा समाचार ही दोन निरनिराळी कामे नव्हेत, हे मला त्यांच्याकडून फार उशिरा कळले.

‘पण सरकार आहे ना?’ असे कोणी म्हणेल. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांना सामावून घेणारा आश्रम उभारण्याची आणि सेवेचा दर्जा ठरवण्याची तरतूद त्यात आहे. वृद्धाश्रमांची नोंदणी व किमान दर्जा ह्यांविषयीचे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली. शिवाय कायदा असला तरी पाहणाऱ्याने पाहिले पाहिजे. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाला सरकारी अनुदान होते, अधिकाऱ्यांची ये-जा होती. तरीही तेथील अत्याचार २०१८ साली उघडकीस आले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने मुलींशी बोलून त्यांचे म्हणणे ऐकले तेव्हा. वही तपासणारे आणि माणूस तपासणारे ह्यांच्यातील अंतर एवढे मोठे असते.

म्हणून आपल्या मंडळ्यांना आणि ज्यांचे आईवडील आश्रमात आहेत त्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. न कळवता जा. जेवणाच्या वेळी जा, आणि शक्य तर रात्रीही, कारण रात्री किती वृद्धांमागे एक सेविका आहे ह्यावरच पुष्कळसे अवलंबून असते. पाण्याचा पेला हाताला पोहोचतो काय, ते पाहा. ओठ, नखे, टाचा व पाठ पाहा. खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवतात काय, विचारा. सेवकवर्गाला बाजूला ठेवून वृद्धांशी त्यांच्या मातृभाषेत बोला. स्मृती ढळू लागली की पुष्कळदा शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा उरते. कोणी तक्रार केली तर थोड्या दिवसांनी पुन्हा जा आणि तक्रार करणाऱ्याला त्रास झालेला नाही ना, ह्याची खात्री करून घ्या. मार्ग सुचेना तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

आणि राबणाऱ्या सेविकांचाही समाचार घ्या. त्यांचा पगार वेळेवर होतो काय? त्यांना झोप मिळते काय? थकलेल्या हातांकडून कोमलतेची अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे.

आपल्या संस्थांच्या चालकांना एवढेच सांगतो : पाहणीला अविश्वास समजू नका. स्तोत्रकर्ता स्वतःच देवाला आपले अंतःकरण पारखून पाहण्यास बोलावतो. ज्याला लपवावयाचे काही नाही, त्याने दार उघडे ठेवावे.

शेवटच्या दिवशी राजा आपली नोंदवही मागणार नाही. तो खाटेवरून आपल्याकडे पाहत विचारील, ‘मी तेथे होतो, तू माझी चादर उचलून पाहिलीस काय?’

हे प्रभू, माझी ती सही क्षमा कर. आम्हांला पाहणारे डोळे दे, थांबणारी पावले दे, आणि तू आमचा समाचार घेण्यापूर्वी आम्ही तुझा समाचार घ्यावा असे कर. आमेन.