गच्चीचा कठडा आणि डोंगराची माती



पावसाळा सरला की खाजगी रानांत लाकूडतोड सुरू होते. मुलीची फी, घरातले आजारपण, गळके छप्पर. झाडे विकण्यामागे बहुधा अशीच नड असते. म्हणून झाड तोडणे हेच पाप, असे आम्ही म्हणणार नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मानवाला बाग देतो ती मशागतीसाठी आणि राखणीसाठीही.

प्रश्न येतो तो उभ्या उतारावर. तिथे मुळांनी माती धरलेली असते. तोडीनंतर ती मुळे काही वर्षांत कुजतात आणि डोंगर सैल होतो. तोवर लाकडाचे पैसे संपलेले असतात. ओंडके सरळ खाली ओढले की त्या वाटेची पावसात घळ होते आणि माती खालच्या शेजाऱ्याच्या शेतात, विहिरीत उतरते.

उपाय आहेत. अगदी उभ्या चढावरची व व्हाळाकाठची झाडे राखावीत, तोड टप्प्याटप्प्याने करावी, वाट आडवी काढावी, पाणी बाजूला काढायला तिच्यावर चर द्यावेत. पण त्याला मजुरी पडते, लाकूड कमी निघते आणि ठेकेदार तेवढा भाव पाडतो. हा खर्च कोणी सोसायचा?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे: नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष घरावर येणार नाही. कठडा म्हणजे दानधर्म नव्हे. तो घराच्याच खर्चात मोडतो. तसाच माती राखण्याचा खर्च लाकडाच्या किमतीत मोडतो. आपण तो टाळला तर तो नाहीसा होत नाही. विक्रीतला एक रुपयाही न मिळालेल्या शेजाऱ्याच्या माथी बसतो. संत थॉमस अक्वायनस खाजगी मालकी मान्य करतात, पण वापर मात्र सर्वांचे हित पाहून व्हावा, असे शिकवतात.

गरिबाला हे परवडेल का? हा आक्षेप खरा आहे. परंतु डोंगर शाबूत राहिल्याचा लाभ साऱ्या वाडीला होतो. तेव्हा चर खणायला वाडीनेही हात लावावा. न्याय दोन्ही बाजूंनी असतो.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अतिवृष्टी मोठी होती. त्याचे खापर कुऱ्हाडीवर फोडणे बरोबर नाही. पण पाऊस आपल्या हाती नाही, राखण आहे.

यंदा सौदा ठरवण्यापूर्वी खालच्या शेजाऱ्याला सोबत घेऊन एकदा डोंगर चढून पाहू या. त्याच्यासमोर जो व्यवहार सांगायला संकोच वाटणार नाही, तोच प्रभूसमोरही सांगता येईल.

– आपले धर्मगुरू